वजन, मिलिग्रॅम आणि घड्याळ: चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या वेदनाशामकांचा डोस कसा ठरवायचा

रात्रीचे दोन वाजले होते. मुलगी आठ महिन्यांची, वजन आठ किलो, अंग चटका बसावा इतकं तापलेलं. एका खांद्यावर ती आणि दुसऱ्या हातात पॅरासिटामॉल या तापाच्या औषधाची बाटली. आधीच्या सिरपमधून तिला दर वेळी चार मिली देत होते, म्हणून सवयीने सिरिंज चारच्या रेघेपर्यंत ओढली. तिच्या तोंडाशी नेणार तेवढ्यात दिव्याच्या उजेडात बाटलीवरची बारीक ओळ दिसली. जुन्या बाटलीवर होतं ‘५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅम’. या नव्या बाटलीवर होतं ‘१ मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम’. औषध तेच, नाव तेच, खोक्याचा रंगही तोच. फक्त हे ड्रॉप्स होते. चार मिली म्हणजे चारशे मिलिग्रॅम झाले असते, आणि तिला हवे होते शंभराच्या आसपास, म्हणजे जेमतेम एक मिली.

मी ते औषध बेसिनमध्ये ओतलं आणि पुन्हा एक मिली भरलं. हात थरथरत होते. त्या रात्रीपासून घरात एक शिस्त लावून घेतली आणि पुढे प्रत्येक शंका बालरोगतज्ज्ञांना आणि औषधं देणाऱ्या फार्मासिस्टना विचारून पक्की करत गेले. नुकतेच आई-बाबा झालेल्यांसाठी, आणि घरातल्या मोठ्यांच्या गोळ्या सांभाळणाऱ्यांसाठीही, ती इथे पायरीपायरीने लिहिते आहे. डॉक्टरांनी तुमच्या माणसासाठी वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचंच ऐकायचं. आणि पाकिटावरची मर्यादा इथल्या आकड्यांपेक्षा कमी असेल, तर पाकिटावरचीच पाळायची.

पहिली पायरी: बाटलीच्या नावाखालचं नाव वाचा

मोठ्या अक्षरातलं नाव कंपनीचं असतं. आपल्याला हवं असतं त्याखालचं बारीक अक्षरातलं, म्हणजे मूळ औषधाचं. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या दुखण्याच्या औषधांत मूळ औषधं मोजकीच असतात. एकीकडे पॅरासिटामॉल; काही देशांत त्यालाच अ‍ॅसिटअमिनोफेन म्हणतात, दोन्ही एकच. दुसरीकडे आयबुप्रोफेन, नॅप्रॉक्सेन, अ‍ॅस्पिरिन ही एका कुळातली औषधं, जी सूजही कमी करतात. काही ठिकाणी डायक्लोफेनॅकही असंच मिळतं, तेही याच कुळातलं.

हे नाव वाचायचं कारण असं, की पॅरासिटामॉल भलत्याच ठिकाणी लपलेलं असतं. सर्दीच्या गोळीत असतं, गरम पाण्यात ढवळून प्यायच्या पुडीत असतं, खोकल्याच्या काही सिरपांत असतं, पाळीच्या दुखण्याच्या गोळीत असतं. अंग दुखतंय म्हणून कुणी दिवसभरात ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या घेतल्या, तर त्याची चोवीस तासांची मर्यादा तिथेच भरली. त्यावर सर्दीसाठी दोन पुड्या घेतल्या, की तो मर्यादेच्या पलीकडे गेला, आणि आपण एकच औषध दोन नावांनी घेतोय हे त्याच्या गावीही नसतं. मुद्दाम कुणी जास्त घेत नाही. बेरीज करायची राहून जाते.

म्हणून नियम सरळ आहे. एका वेळी पॅरासिटामॉल असलेली एकच वस्तू. आणि आयबुप्रोफेनच्या कुळातलंही एकच. आयबुप्रोफेनवर नॅप्रॉक्सेन किंवा डायक्लोफेनॅक चढवलं, तर दुखणं फारसं कमी होत नाही, जठराला आणि मूत्रपिंडांना मात्र दुप्पट त्रास होतो.

दुसरी पायरी: मूल कितीचं आहे, ते वय नव्हे, वजन

दोन वर्षांची दोन मुलं शेजारी उभी केली, तर एक दहा किलोचं असतं आणि दुसरं चौदाचं. खोक्यावरचा वयाचा तक्ता ही सोय आहे. वजन माहीत असेल तर त्यावरूनच डोस काढावा. घरच्या काट्यावर आधी मुलाला कडेवर घेऊन उभं राहायचं, मग एकट्याने, आणि वजाबाकी करायची. मूल बरं असताना, दर दोन-तीन महिन्यांनी. तापाच्या रात्री काट्याच्या मागे लागायची वेळ येऊ नये. मूल वयाच्या मानाने फार जाड असेल, तर नुसत्या वजनावरून डोस जास्त निघू शकतो. त्याच्यासाठी एकदा डॉक्टरांकडून आकडा ठरवून घ्या.

वजनाआधी वयाची तीन दारं मात्र तपासायची, आणि ती बंद असतील तर पुढचा हिशोबच करायचा नाही.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप असेल, तर घरी औषध न देता थेट डॉक्टरांकडे. इतक्या लहान बाळात ताप हीच गंभीर संसर्गाची एकमेव खूण असू शकते, आणि औषधाने ती खूण झाकली जाते. सहा महिन्यांच्या आत आयबुप्रोफेन डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही. आणि अ‍ॅस्पिरिन मुलांना नाहीच. काही देशांत ही मर्यादा सोळा वर्षांची आहे, काही ठिकाणी अठराची, मी अठरा धरते. फ्लू किंवा कांजिण्यांसारख्या विषाणूच्या आजारात मुलांना अ‍ॅस्पिरिन दिल्यावर राय सिंड्रोम होऊ शकतो, ज्यात मेंदूला सूज येते आणि यकृत निकामी होतं. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर डग्लस राय यांनी १९६३ मध्ये तो आजार नोंदवला. तो क्वचितच होतो, पण झाला तर जिवावर बेततो.

तिसरी पायरी: आधी मिलिग्रॅम, मग मिली

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून इथे जरा थांबते.

‘बाळाला किती देऊ?’ या प्रश्नाचं उत्तर लोक मिलीत देतात. ‘आमच्याला पाच मिली द्यायचो.’ हे उत्तर अर्धवट आहे, कारण मिली हे पाण्याचं माप आहे, औषधाचं नव्हे. औषध मोजायचं ते मिलिग्रॅममध्ये. ते किती मिलीत सामावलंय, हे प्रत्येक बाटलीवर वेगळं असतं.

पॅरासिटामॉलचा मुलांचा एका वेळचा डोस दर किलो वजनाला १० ते १५ मिलिग्रॅम. दोन डोसांत किमान चार तास, शक्यतो सहा. चोवीस तासांत चारच्या वर डोस नाहीत, आणि सगळे मिळून दर किलोला ६० मिलिग्रॅमच्या वर नाही. आयबुप्रोफेनचा डोस दर किलोला ५ ते १० मिलिग्रॅम, सहा ते आठ तासांनी, दिवसाला तीनदा.

आता १४ किलोचं मूल घ्या. पॅरासिटामॉल: १४ गुणिले १० म्हणजे १४०, १४ गुणिले १५ म्हणजे २१०. तर त्याला एका वेळी १४० ते २१० मिलिग्रॅम चालतात. मी मधला आकडा धरते, दर किलोला साधारण १२. म्हणजे १६८.

बाटलीवर ‘५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅम’ असेल, तर एका मिलीत २४. १६८ भागिले २४ म्हणजे ७ मिली.

बाटलीवर ‘५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम’ असेल, तर एका मिलीत ५०. त्याच मुलाला साडेतीन मिली पुरे, त्यात १७५ मिलिग्रॅम येतात.

बघा, मूल तेच, औषध तेच, पण एका बाटलीतून सात आणि दुसरीतून साडेतीन. दुसऱ्या बाटलीतून सवयीने सात दिले, तर डोस दुप्पट होतो आणि वरची मर्यादा ओलांडतो. पहिल्या बाटलीतून साडेतीनच दिले, तर ताप उतरत नाही, आणि घाबरलेले आई-बाप दोन तासांत पुन्हा देतात.

आयबुप्रोफेनचं याच मुलासाठी ७० ते १४० मिलिग्रॅम. ‘५ मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम’ असलेल्या सिरपमधून पाच मिली दिलं, की दर किलोला सात मिलिग्रॅमच्या थोडं वर जातं, जे व्यवस्थित मध्यात बसतं.

ड्रॉप्स आणि सिरप यांची अदलाबदल ही या सगळ्यातली सर्वांत धोक्याची चूक. बाळासाठी आहेत म्हणून ड्रॉप्स सौम्य असतील असं मनाला वाटतं, आणि खरं असतं नेमकं उलटं. बाळाला थोडंसंच पाजता यावं म्हणून ते जास्त घट्ट केलेले असतात. या गोंधळामुळेच अमेरिकेत २०११ मध्ये उत्पादकांनी बाळांचं आणि मोठ्या मुलांचं द्रव पॅरासिटामॉल एकाच शक्तीचं, ५ मिलीमध्ये १६० मिलिग्रॅम, करायचा निर्णय घेतला. जगात सगळीकडे तसं नाही. म्हणून नवी बाटली आणली, की खोकं फेकायच्या आधी एका मिलीत किती मिलिग्रॅम हे काढून मार्करने बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहायचं. मी झाकणावर लिहिते, कारण सिरपचे ओघळ लागून बाटलीवरचं पुसलं जातं.

चौथी पायरी: मोजायचं कशाने

स्वयंपाकघरातल्या चमच्याने नाही. चहाचा चमचा पाच मिलीचा धरतात, पण घरातले तीन चमचे पाण्याने भरून सिरिंजने मोजून बघा, तिन्हीचं माप वेगळं येईल. शिवाय जेवणाचा मोठा चमचा पंधरा मिलीच्या घरात जातो, म्हणजे तिप्पट. बाळासाठी सुई नसलेली तोंडाने द्यायची सिरिंज उत्तम. बाटलीसोबत आलेलं मोजटोपण चालेल, पण ते त्याच बाटलीसाठी. ड्रॉप्सचं ड्रॉपर सिरपला वापरायचं नाही.

बाटली आधी नीट हलवा. पातळ औषधात खरं औषध तळाशी बसतं. न हलवता दिलं तर सुरुवातीचे डोस फिके आणि शेवटचे तीव्र जातात. सिरिंज डोळ्यांच्या रेषेत धरा आणि दट्ट्याची वरची कड कुठल्या रेघेवर आहे ते बघा. बुडबुडा दिसला तर टिचकी मारून वर घ्या, बाहेर काढा, पुन्हा भरा. एक मिलीच्या डोसात मोठा बुडबुडा म्हणजे औषध तेवढंच कमी. मग सिरिंजचं टोक गालाच्या आतल्या बाजूला लावून हळूहळू सोडा. सरळ घशात मारलं तर ठसका लागतो. दुधाच्या भरल्या बाटलीत औषध मिसळू नका, कारण बाळाने अर्धी बाटली सोडली तर पोटात किती गेलं हे कळायला मार्ग नाही.

दिल्यावर उलटी झाली तर? अर्ध्या तासाच्या आत झाली असेल तर तोच डोस एकदा पुन्हा देता येतो. अर्धा तास उलटून गेला असेल, तर पुढच्या वेळेपर्यंत थांबायचं. पुन्हा उलटी झाली, तर तिसऱ्यांदा प्रयत्न न करता डॉक्टरांना फोन.

पाचवी पायरी: घड्याळ, आणि कागद

आमच्या घरातलाच एक संवाद सांगते. पहाटे तीनला मी बाटली उघडली, तर नवरा झोपेतून म्हणाला, ‘अगं, साडेबाराला दिलंय मी.’

‘कुठलं?’

‘तेच, तापाचं.’

‘तापाची दोन आहेत.’

तो उठून बसला. त्याला खरंच आठवेना, पॅरासिटामॉल की दुसरं. दोघंही जागे, दोघंही काळजीत, आणि दोघांनाही सांगता येईना. शेवटी त्या वेळी काहीच दिलं नाही. मुलीला पाणी पाजलं, जाड कपडे काढले, थोपटत बसलो.

तेव्हापासून पलंगाशेजारी कागद आणि पेन असतं. तारीख, वेळ, औषधाचं मूळ नाव, किती मिलिग्रॅम, कुणी दिलं. पाच गोष्टी. औषध दिल्यावर बाटलीचं झाकण लावायच्या आधी लिहायचं. आजी-आजोबा किंवा मूल सांभाळणारी मावशी घरात असेल, तर हा कागद जास्तच गरजेचा, कारण प्रत्येकाला वाटतं ‘अजून कुणी दिलं नसेल, मीच देते’.

चोवीस तास मोजताना मध्यरात्रीला पाटी कोरी होत नाही. काल संध्याकाळी सहाला दिलेला डोस आज संध्याकाळी सहापर्यंत हिशोबात असतो.

आणि ताप पुरता उतरलाच पाहिजे, असं नाही. औषध दिल्यावर अर्ध्या-एक तासाने मूल जरा खेळायला लागलं, पाणी प्यायलं, की डोसाने आपलं काम केलं, मग थर्मामीटर ३८.२ का दाखवेना. ताप हा शरीराचा लढण्याचा मार्ग आहे. औषध देतो ते मुलाला आराम पडावा म्हणून. ताप असूनही शांत झोपलेल्या मुलाला गोळीसाठी उठवायची गरज नसते.

पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन आलटूनपालटून द्यायची पद्धत बरीच पसरली आहे. औषधं वेगळी असल्याने ते अशक्य नाही, पण दोन घड्याळं एकदम सांभाळावी लागतात आणि अर्धवट झोपेत तिथेच चूक होते. मी एकाच औषधावर राहते. त्याने मुलाला आरामच पडत नसेल, तर दुसरं देण्याआधी डॉक्टरांना विचारते, आणि दोन्ही एकाच वेळी कधी देत नाही.

मोठ्यांचा डोस

मोठी माणसं स्वतःच्या बाबतीत फार बेफिकीर असतात. ‘डोकं फुटतंय, दोन घेते, नाही थांबलं तर अजून दोन.’

पॅरासिटामॉल एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम, किमान चार तासांनी, आणि चोवीस तासांत कोणत्याही परिस्थितीत ४००० च्या वर नाही. ६५० मिलिग्रॅमची गोळी असेल तर सहा गोळ्यांत ३९०० होतात, सातवी मर्यादेबाहेर. पण ४००० हे धडधाकट, नीट जेवणाऱ्या माणसासाठी आहेत. पन्नास किलोच्या आतल्या माणसाने मुलांसारखाच वजनावरून हिशोब करावा. चाळीस किलोच्या आजीला एका वेळी जास्तीत जास्त ६०० मिलिग्रॅम निघतात, म्हणजे ५०० ची एकच गोळी, आणि दिवसभरात २४०० च्या आत. यकृताचा आजार असणाऱ्यांनी, रोज दारू घेणाऱ्यांनी आणि कित्येक दिवस धड न जेवलेल्यांनी आपला आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा, तो बराच कमी असतो.

आयबुप्रोफेन २०० ते ४०० मिलिग्रॅम, सहा ते आठ तासांनी, पोटात काहीतरी असताना. डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय दिवसाला १२०० च्या वर नाही. नॅप्रॉक्सेनचा परिणाम आठ ते बारा तास टिकतो. ते आयबुप्रोफेनसारखं दर सहा तासांनी घ्यायचं नाही. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या मोडायच्या नाहीत, चावायच्या नाहीत, नाहीतर दिवसभर पुरायचं औषध एकदम रक्तात उतरतं.

आयबुप्रोफेनच्या कुळातली औषधं कुणी टाळायची, हे नीट वाचा, कारण ‘साधी दुखण्याची गोळी’ म्हणून ती सगळ्यांना दिली जाते. जठरात व्रण असलेले किंवा पूर्वी पोटात रक्तस्राव झालेले. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेले. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेले. अ‍ॅस्पिरिनने दमा उसळणारे. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणारी गोळी एकत्र चालू असताना वर आयबुप्रोफेन पडलं, तर मूत्रपिंडं अचानक थकू शकतात. हृदयासाठी रोज कमी डोसाचं अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत आयबुप्रोफेन त्या गोळीचा उपयोगच हाणून पाडू शकतं. गरोदरपणात विसाव्या आठवड्यानंतर डॉक्टरांशिवाय अजिबात नाही. मुलांतही उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झालेलं असताना आणि कांजिण्यांत नको. आणि डेंग्यूची शंका असलेल्या तापात आयबुप्रोफेन व अ‍ॅस्पिरिन दोन्ही लांब ठेवायची, रक्तस्राव वाढतो, तिथे पॅरासिटामॉलच.

एक गोष्ट उशिरा कळते. महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस डोकेदुखीची गोळी घेतली जात असेल आणि हे महिनोन्महिने चालू असेल, तर ती गोळीच डोकेदुखी करायला लागते. अशा माणसाला आणखी मोठा डोस नको, डॉक्टर हवेत.

जास्त गेलं असं वाटलं तर

इथे ‘बघू या, काही होतंय का’ हे वाक्य मनातून काढून टाका. पॅरासिटामॉल जास्त झालं, तर पहिल्या चोवीस तासांत माणूस अगदी ठीक दिसू शकतो. थोडी मळमळ, बस्स. आत मात्र यकृतात औषधाचा एक विषारी अंश तयार होत असतो. एरवी ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ त्याला निष्प्रभ करतो, पण डोस मोठा असला की तो साठा संपतो आणि विष यकृताच्या पेशींवर उतरतं. कावीळ, उजव्या बरगडीखाली दुखणं, ग्लानी हे सगळं दोन-तीन दिवसांनी दिसतं.

याला उतारा आहे, एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन. तो तो साठा पुन्हा भरून देतो, आणि आठ तासांच्या आत सुरू झाला तर बहुतेकदा यकृत वाचतं. म्हणून लक्षणांची वाट न बघता विषबाधा मदत केंद्राला फोन करा किंवा सरळ रुग्णालय गाठा. घरी उलटी करवू नका. बाटली किंवा पाकीट सोबत न्या, आणि तो पलंगाशेजारचा कागदही. डॉक्टर पहिला प्रश्न ‘किती आणि किती वाजता’ हाच विचारतात. मूल निपचित पडलं असेल, श्वास नीट नसेल किंवा झटके येत असतील, तर लगेच रुग्णवाहिका.

घरात गोळ्या कमी ठेवण्यालाही अर्थ आहे. ब्रिटनमध्ये १९९८ मध्ये एका वेळी विकायच्या पाकिटातल्या गोळ्यांची संख्या कमी केली, आणि त्यानंतर पॅरासिटामॉलच्या अतिसेवनाने होणारे मृत्यू घटले. औषधं कुलपात, उंचावर. मुलाला उघडता येणार नाही असं झाकण त्याला फक्त थोडा उशीर लावतं. आणि मुलाने औषध घ्यावं म्हणून त्याला ‘गोळी-चॉकलेट’ म्हणू नका. तो शब्द त्याच्या लक्षात राहतो.

कधी थांबायचं

ताप तीन दिवसांच्या पुढे गेला, मुलाचं दुखणं पाच दिवसांच्या किंवा मोठ्यांचं दहा दिवसांच्या पुढे टिकलं, तर गोळ्या वाढवायच्या नाहीत, तपासून घ्यायचं. मान ताठरली, दाबल्यावर न फिकटणारे लाल-जांभळे डाग अंगावर आले, बराच वेळ लघवीच झाली नाही, मूल ओळखेनासं झालं, काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाली, तर एक तासही थांबू नका.

औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय. घरातल्या प्रत्येकाचं नाव, वजन, वजन घेतल्याची तारीख, कुठलं औषध चालतं, कुठलं नाही. सासूबाईंच्या नावापुढे लाल शाईने ‘आयबुप्रोफेन नको’ असं लिहिलंय. मुलीच्या ओळीवर बरीच खाडाखोड आहे: ८ किलो, १० किलो, १४ किलो. गेल्या रविवारी काट्यावर उभं केलं तर १८ भरली. जुना आकडा खोडून तिथे लिहिलं: पॅरासिटामॉल, एका मिलीत ५०, चार मिली, २०० मिलिग्रॅम.